नळाच्या वॉशरवरचा रेडिओ : वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात सातारा-सांगलीकडून हौशी रेडिओवरची (परवाना घेऊन स्वतःच्या सेटवरून एकमेकांशी बोलणाऱ्या 'हॅम' लोकांच्या छंदावरची) बरीच पत्रं आली. बहुतेकांचा रोख ऐकण्या-बोलण्याच्या एकाच सेटवर आहे : हैदराबादचा बिटेक्स. म्हणून या खेपेचं सदर त्यालाच दिलं आहे.

प्रश्न : बिटेक्स-४० नावाचा बोर्ड जुन्यात मिळतो आहे. विकणारा म्हणतो की हा भारतीय कंपनीचा आहे. हॅमचे सेट भारतात बनतात? ही कंपनी कोणती, कशी सुरू झाली? (एक वाचक, कराड)

विकणारा खरं बोलतो आहे. कंपनीचं नाव एचएफ सिग्नल्स, गाव हैदराबाद. सेटचा आराखडा अशहर फरहान यांचा, त्यांचा कॉलसाइन (हवेवरची परवान्याची ओळख) व्हीयू२ईएसई. हैदराबादला बंजारा हिल्समध्ये 'लामकान' हे नाटक-गाण्यांचं आणि चहा-समोशाचं ठिकाण २०१० मध्ये उभं राहिलं, त्यामागेही हेच गृहस्थ.

पण कंपनी नंतरची, आधी आला तो नुसता कागद. २००३-०४ च्या सुमारास फरहान यांनी १४ मेगाहर्ट्झवर ६ वॅट देणाऱ्या सेटचं सर्किट सगळ्यांसाठी खुलं केलं. तेव्हा जपानी सेट घ्यायचा तर आयात शुल्कासकट तो मध्यमवर्गीय घराच्या आवाक्याबाहेर जायचा. परदेशी मासिकांतली सर्किटं बघून घरी बांधायला घ्यावं, तर त्यातले भाग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळायचे नाहीत. बिटेक्सचं वेगळेपण इथे आहे. आधी दुकानात काय मिळतं ते पाहिलं आणि त्यावरून सर्किट बेतलं. कुठल्याही दुकानातले साधे ट्रान्झिस्टर, कॉम्प्युटरच्या बोर्डांसाठी ढिगाने येणारे १० मेगाहर्ट्झचे क्रिस्टल, शेवटच्या टप्प्याला आयआरएफ ५१० हा स्वस्त मॉस्फेट (एक प्रकारचा पॉवर ट्रान्झिस्टर), आणि कॉइल गुंडाळायला चक्क नळाचा वॉशर.

नावातला 'बि' म्हणजे दोन्ही दिशांना चालणारा. नेहमीच्या सेटमध्ये ऐकण्याची साखळी वेगळी आणि बोलण्याची वेगळी. बिटेक्समध्ये मिक्सर (फ्रिक्वेन्सी बदलणारा टप्पा) आणि क्रिस्टल फिल्टर (हवा तेवढाच सिग्नल गाळून घेणारा) एकच. अँप्लिफायरच्या प्रत्येक जागी दोन ट्रान्झिस्टर पाठीला पाठ लावून बसवलेले असतात. ऐकताना एकाला १२ व्होल्ट मिळतात, बोलायचं बटण दाबलं की रिले (विजेने चालणारा स्विच) ते दुसऱ्याला देतो आणि सिग्नल उलट्या दिशेने धावू लागतो. महागडा भाग म्हणजे फिल्टर, तो एकदाच घ्यावा लागतो. दुरुस्तीलाही याचा फायदा होतो. ऐकू व्यवस्थित येतं आणि बोलणं मात्र जात नाही, अशी तक्रार असेल तर मिक्सर आणि फिल्टर धड आहेत हे धरून चालायचं आणि थेट बोलण्याच्या बाजूचे ट्रान्झिस्टर तपासायला घ्यायचे.

बरीच वर्षं लोक हे सर्किट घरीच बांधत होते. २०१६ मध्ये एचएफ सिग्नल्सने बिटेक्स-४० बाजारात आणला. तो तयार, तपासलेला बोर्ड होता, बारीक एसएमडी (बोर्डाच्या पृष्ठभागावरच बसणारे) भाग यंत्राने बसवलेले, ७ मेगाहर्ट्झवर साधारण ७ वॅट. कॉइल मात्र हातानेच गुंडाळलेल्या, आणि ते काम हैदराबादच्या बायकांच्या एका गटाकडे होतं. सोबत रॅडुइनो ही छोटी पट्टी, तिच्यावर आर्डुइनो नॅनो आणि एसआय ५३५१ ही फ्रिक्वेन्सी बनवणारी आयसी. किंमत ५९ डॉलर. डिसेंबर २०१७ मध्ये मायक्रो-बिटेक्स आला : ३ ते ३० मेगाहर्ट्झ, १० वॅट, १०९ डॉलर. त्यानंतर रास्पबेरी पायवर चालणारा एसबिटेक्सही निघाला.

जुना बोर्ड घेताना तीन गोष्टी तिथेच बघा. आयआरएफ ५१० च्या भोवतीचा बोर्ड तपकिरी झाला आहे का. कॉइलच्या तारा हलवल्यावर डुगडुगतात का. आणि ऐकण्यावर लावून करंट मोजल्यावर तो १०० ते २०० मिलिअँपिअरच्या आसपास येतो का. अर्धा अँपिअर खात असेल तर कुठेतरी गळती आहे. मग किंमत पाडा किंवा सोडून द्या.

प्रश्न : नळाच्या वॉशरवर कॉइल गुंडाळतात ही थट्टा आहे का? मला स्वतः कॉइल करायच्या आहेत. तार आणि कड्या कुठून आणाव्यात? (एक वाचक, मिरज)

थट्टा नाही. नायलॉनचा वॉशर कडीच्या आकाराचा असतो आणि ७-१४ मेगाहर्ट्झला त्यात फारशी शक्ती वाया जात नाही. पण तो तारेला फक्त आकार देतो, चुंबकीय मदत काहीच करत नाही. म्हणून लोखंडी भुकटीच्या कडीपेक्षा वेढे बरेच जास्त लागतात. शिवाय हार्डवेअरच्या दुकानात दोन वेळा मागितलेले 'अर्ध्या इंची' वॉशर दोन मापांचे निघतात. वेढ्यांचा आकडा कागदावरून न उचलता मोजून ठरवायचा. आणि वॉशर चालतो तो ट्यून केलेल्या कॉइलला. मिक्सरच्या ब्रॉडबँड (अनेक फ्रिक्वेन्सींना चालणाऱ्या) ट्रान्सफॉर्मरला फेराइट हा चुंबकीय पदार्थच लागतो. जुन्या टीव्हीच्या बॅलनमधला (अँटेनाची तार जुळवणाऱ्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमधला) दोन भोकांचा फेराइटचा तुकडा तिथे कामाला येतो.

आता तार. मिरज-कुपवाडच्या कुठल्याही मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात वाइंडिंग वायर वजनावर मिळते, ५० ग्रॅम घेतली तर वर्षभर पुरेल. एक घोळ टाळा. परदेशी पुस्तकांत तारेचा नंबर अमेरिकन गेजमध्ये असतो आणि आपल्याकडचं दुकान बोलतं एसडब्ल्यूजी या ब्रिटिश गेजमध्ये. अमेरिकन २६ नंबर म्हणजे ०.४० मिमी, ती आपल्याकडे साधारण २७ नंबर. अमेरिकन २८ म्हणजे ०.३२ मिमी, आपल्याकडे ३० नंबर. दुकानात सरळ मिलिमीटर सांगितले तर वादच उरत नाही.

भुकटीच्या कड्या रंगावरून ओळखतात : लाल म्हणजे २ नंबरचं मिश्रण, पिवळी म्हणजे ६ नंबरचं. हिशोब सोपा आहे. हवे असलेले मायक्रोहेन्री (कॉइलच्या मापाचं एकक) भागिले कडीचा आकडा (शंभर वेढ्यांना मिळणारे मायक्रोहेन्री), त्याचं वर्गमूळ, गुणिले १००. पिवळ्या टी ३७-६ चा आकडा ३०. चाळीस मीटरच्या (म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या) सात भागांच्या लो-पास फिल्टरमध्ये (वरच्या फ्रिक्वेन्सी अडवणाऱ्या गाळणीत) बाहेरच्या दोन कॉइल १.३८ मायक्रोहेन्रीच्या, म्हणजे २१ वेढे. मधली १.७० ची, म्हणजे २४ वेढे. कपॅसिटर टोकांना २७० पिकोफॅरडचे आणि आतले दोन ६८० चे, सगळे १०० व्होल्टचे एनपीओ (तापल्यावर मूल्य न सरकणारे) किंवा पॉलिस्टायरिन. पिवळसर चकतीचे साधे सिरॅमिक लावले तर बोलताना तापतात आणि मूल्य सरकतं.

वेढे मोजताना हमखास चूक होते. तार कडीच्या भोकातून एकदा गेली की एक वेढा. नुसती सरळ ओवलेली तार हाही एक वेढाच, शून्य नव्हे. बाहेरच्या बाजूने मोजणाऱ्याचा एक वेढा कमी-जास्त होतो, आणि २१ च्या कॉइलला एका वेढ्याने जवळजवळ दहा टक्के फरक पडतो. वेढे कडीच्या पाऊण भागात सारखे पसरवा, दोन टोकांत थोडी फट ठेवा.

तीन तारांच्या ट्रान्सफॉर्मरला तिन्ही तारा एका टोकाला खिळ्याला बांधा, दुसऱ्या टोकाला हातड्रिलमध्ये धरा आणि सेंटीमीटरला तीनेक पिळे बसेपर्यंत फिरवा. मग कडीवर ८-१० वेढे. टोकं तासल्यावर मल्टिमीटरने जोड्या शोधून प्रत्येक तारेच्या सुरुवातीला रंगाचा ठिपका लावा. पहिल्या तारेचा शेवट दुसरीच्या सुरुवातीला जोडायचा असतो. सुरुवात सुरुवातीला जोडली तर दोन्हींचं चुंबकत्व एकमेकांना खाऊन टाकतं. सेट मेल्यासारखा वाटतो, मीटरवर मात्र सगळं जोडलेलं दिसतं. दुसरी नेहमीची खोट म्हणजे इनॅमल नीट न निघणं. सोल्डर वरून गोल थेंबासारखं बसतं, आत तार कोरडीच. ब्लेडने चारही बाजू खरवडून तांबं गुलाबी दिसल्याशिवाय सोल्डर लावू नका. तंबोऱ्याची तार लावणाऱ्या गावात तार हाताळायची सवय वेगळी शिकवायला नको.

प्रश्न : आयआरएफ ५१० जळाला. दुकानदाराने 'हा त्याचा मोठा भाऊ' म्हणून आयआरएफ ५४० दिला. बायस (गेटवरचं स्थिर व्होल्टेज) बरोबर बसला, पण पॉवर अर्धा वॅटही नाही. काय चुकलं? (एक वाचक, इस्लामपूर)

मोठा भाऊ आहे, म्हणूनच चालत नाही. मॉस्फेटच्या गेटला (करंट कमी-जास्त करणाऱ्या पायाला) स्वतःचा कपॅसिटर असतो आणि आधीच्या टप्प्याला तो दर सायकलला भरावा-रिकामा करावा लागतो. ५१० चा गेट साधारण १८० पिकोफॅरड, ५४० चा १७०० च्या घरात. सात मेगाहर्ट्झला ५१० चा गेट सव्वाशे ओहमसारखा वागतो, ५४० चा तेरा-चौदा ओहमसारखा. बिचाऱ्या ड्रायव्हरची (आधीच्या टप्प्याची) सगळी ताकद गेटच गिळतो. बायस मात्र डीसी असतो, दोघांचा उंबरठा (करंट वाहू लागतो तो व्होल्टेज) २ ते ४ व्होल्टमध्येच, त्यामुळे मीटरवर सगळं आलबेल दिसतं. हे दोघे इन्व्हर्टरमध्ये एकमेकांच्या जागी चालतात म्हणून दुकानदाराने दिला. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. ५३० देखील घेऊ नका.

५१० घेतानाही सावध. दुसऱ्याच मॉस्फेटवर ५१० छापून विकलेला माल बाजारात असतो. पाचशे-सातशे रुपयांचा जो कॉम्पोनंट टेस्टर मिळतो, तो गेटची कपॅसिटी दाखवतो. शून्य व्होल्टवर मोजत असल्याने आकडा पुस्तकातल्यापेक्षा मोठा येईल. तो काही शेकडा पिकोफॅरड आला तर ठीक, हजारांत गेला तर आत दुसराच कुणी बसला आहे.

नवा लावण्याआधी पहिला का गेला ते शोधा, नाहीतर दुसराही जाईल. कारणं बहुधा तीनच. अँटेना न जोडता किंवा तुटलेल्या तारेवर बोलणं, हे पहिलं. दुसरं, अभ्रकाची चकती. ५१० ची धातूची पाठ ड्रेनला, म्हणजे थेट १२ व्होल्टला जोडलेली असते. हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) डब्याला लागत असेल तर मध्ये अभ्रक आणि स्क्रूला प्लॅस्टिकचं बुश हवंच. स्क्रू आवळल्यावर पाठ आणि हीटसिंक यांच्यात मीटरने बघा, अजिबात जोड दिसता कामा नये. हीटसिंकच्या भोकाला राहिलेली ड्रिलची बारीक कड अभ्रक फाडते. मोठ्या ड्रिलचं टोक हाताने फिरवून ती काढून टाका.

तिसरं कारण बायसचा प्रीसेट (पेचकसाने फिरवायचा छोटा रेझिस्टर). बिटेक्स-४० मध्ये शेवटच्या टप्प्याचा सप्लाय वेगळ्या तारेने दिलेला आहे, त्याच तारेत अँपिअरमीटर घाला. अँटेनाच्या जागी डमी लोड (रेझिस्टरचा नकली अँटेना, कृती खाली आहे), माइक काढलेला. सप्लाय देण्याआधी प्रीसेट अशा टोकाला न्या की बोलण्याचं बटण दाबल्यावर गेटवर शून्य व्होल्ट दिसतील. मग सप्लाय द्या, बटण दाबा आणि प्रीसेट केसभर केसभर फिरवा. बराच वेळ काहीच होत नाही, आणि उंबरठा आला की करंट एकदम उसळतो. इथेच घाईत ५१० जातो. ८० ते १०० मिलिअँपिअरवर थांबा. अर्धा मिनिट बटण दाबून ठेवा. आकडा १०० वरून १३०, १६० असा चढत राहिला तर हीटसिंक अपुरा आहे. मॉस्फेट तापला की त्याचा उंबरठा खाली येतो, करंट वाढतो, करंट वाढला की आणखी तापतो. मायक्रो-बिटेक्समध्ये ५१० दोन आहेत. तिथे आधी एकाचा १०० वाढवा, मग दुसऱ्याचा १००, एकूण २००.

डमी लोड घरी होतो. एक किलोओहम, एक वॅटच्या वीस कार्बन किंवा मेटल फिल्म रेझिस्टरना समांतर जोडलं की ५० ओहम, २० वॅट. तारेच्या वेढ्यांचे सिमेंटी रेझिस्टर चालत नाहीत, ते स्वतःच कॉइल असतात. त्यावर १एन४१४८ डायोड आणि ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून डीसी व्होल्ट मोजा. आकड्यात ०.७ मिळवा, वर्ग करा, १०० ने भागा. सव्वीस-साडेसव्वीस व्होल्ट म्हणजे सात वॅट. एवढ्या व्होल्टेजला डायोडवर उलटा ताण ५३ च्या आसपास येतो, १एन४१४८ चा तो ७५ पर्यंत चालतो. त्याहून मोठ्या पॉवरला दोन डायोड एकामागे एक लावा.

प्रश्न : हीथकिट, ड्रेक अशी मोठी अमेरिकी नावं बंद पडली म्हणतात. मग हैदराबादच्या लहान कंपनीच्या भरवशावर सेट घ्यावा का? सुट्या भागांचं काय? (एक वाचक, सातारा)

हीथकिट लहान नव्हती. तिचा मूळ धंदा विमानांचा. संस्थापक एडवर्ड हीथ १९३१ मध्ये विमान अपघातात गेले. १९३५ मध्ये हॉवर्ड अँथनी यांनी कंपनी घेतली, युद्धानंतर स्वस्तात निघालेले लष्करी भाग उचलले आणि १९४७ मध्ये ऑसिलोस्कोपचं किट ५० डॉलरला काढलं. तेही १९५४ मध्ये विमान अपघातातच गेले. किटचं गणित सरळ होतं : कारखान्यात मजुरी महाग, ती गिऱ्हाइकाने आपल्या हाताने भरायची आणि तेवढे पैसे वाचवायचे. यंत्रं भाग बसवू लागली तेव्हा हे गणित मोडलं. तयार सेट किटपेक्षा स्वस्त पडायला लागला. १९९२ मध्ये हीथने किट बंद केली.

ओहायोच्या ड्रेकचं दुखणं वेगळं होतं. सेट उत्तम, पण १९७० मध्ये याएसू या जपानी कंपनीचा एफटी-१०१ आला आणि त्यामागून जपानी सेटांची रांग लागली. ऐंशीच्या दशकात ड्रेकने हॅमचा धंदा सोडला. टेनेसीतल्या सेव्हिअरव्हिलची टेन-टेक १९६८ ची, ती कमी पॉवरच्या छोट्या सेटांवर उभी राहिली आणि म्हणून बरीच टिकली. १९९८-९९ मध्ये कॅलिफोर्नियात वेन बर्डिक आणि एरिक स्वार्ट्झ यांच्या एलेक्राफ्टने के-२ हे किट काढून संपलेला प्रकार पुन्हा चालू केला. पण त्यांच्याही के-३ मध्ये गिऱ्हाइकाला सोल्डरिंग उरलं नाही, फक्त तयार बोर्ड जोडायचे.

एचएफ सिग्नल्सने हीथच्या उलटं केलं. सोल्डरिंग त्यांच्याकडे आणि डबा तुमच्याकडे. डबा, नॉब, स्पीकर, सॉकेट यांतच सेटचा बराचसा खर्च जातो, शिवाय कुरिअरला वजन लागतं. तो भाग तुमच्या गळ्यात घातला म्हणून ५९ डॉलर जमले.

भरवशाचं म्हणाल तर कंपनी किती जगेल यापेक्षा सर्किट उघडं आहे की बंद, हे आम्हाला महत्त्वाचं वाटतं. ड्रेकच्या सेटला मूळ मॅन्युअल आणि व्हॉल्व्ह मिळाले तर तो आजही चालतो. बंद आयसीभोवती बांधलेला नंतरचा सेट ती आयसी संपली की कपाटात जातो. बिटेक्सचं सर्किट आणि आर्डुइनोचा प्रोग्राम दोन्ही खुले आहेत. दोन्हींची प्रत आजच उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. सर्किटची कागदी प्रत काढून डब्यातच घालून ठेवली तर आणखी बरं. सुट्या भागांत खरे आयआरएफ ५१० चार, एक आर्डुइनो नॅनो, बोर्डावर आहेत त्या मापाचे १२ व्होल्टचे दोन रिले आणि आवाजाच्या टप्प्याची आयसी. एवढं एका छोट्या डबीत मावतं.

प्रश्न : मायक्रो-बिटेक्सच्या जुन्या आवृत्त्या 'अशुद्ध' सिग्नल सोडतात असं ऐकलं. कोणती आवृत्ती आहे हे कसं ओळखायचं? (एक वाचक, पलूस)

आवृत्ती बोर्डावर छापलेली असते. खरवडली गेली असेल तर आवाजाचा टप्पा बघा : आठ पायांची टीडीए २८२२ दिसली तर तिसरी, तिथे सुटे ट्रान्झिस्टर असतील तर चौथी किंवा पुढची. तिसरीतल्या काही टीडीए १२ व्होल्टच्या वर गेल्यावर जळत होत्या, हे पूर्वीपासून माहीत आहे. गाडीची बॅटरी चार्ज होत असताना तिच्यावर हा सेट लावू नका.

अशुद्धतेचे प्रकार दोन. पहिला हार्मोनिकचा (मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट-तिप्पट सिग्नलचा) : लो-पास फिल्टरचे रिले आणि त्यांच्या तारा इतक्या जवळ आहेत की सिग्नलचा काही भाग फिल्टरला वळसा घालून पलीकडे उडी मारतो. दुसरा वरच्या बँडांवर दिसतो. २८ मेगाहर्ट्झवर बोलताना आतला ऑसिलेटर (फ्रिक्वेन्सी बनवणारा टप्पा) ७३ वर असतो, कारण पहिला आयएफ (सेटच्या आतली मधली फ्रिक्वेन्सी) ४५. अँप्लिफायर ताणला गेला की ४५ चं दुप्पट ९० तयार होतं, आणि ९० वजा ७३ म्हणजे १७ मेगाहर्ट्झ. हा १७ चा भूतसिग्नल २८ च्या फिल्टरखालून बिनधास्त जातो, कारण लो-पास फिल्टर खालचं अडवतच नाही. पाचव्या आवृत्तीत दोन्ही दोषांवर काम झालं आहे. तिसरी-चौथी असेल तर बाहेर ७ मेगाहर्ट्झचा वेगळा फिल्टर लावा (मिरजेच्या उत्तरात दिलेला चालेल) आणि फक्त त्याच बँडवर बोला. मायक्रो-बिटेक्स तेवढ्याने निम्मा वाया गेल्यासारखा वाटेल, पण दुसऱ्याच्या बँडवर घाण करण्यापेक्षा ते परवडलं.

प्रश्न : पुराचं पाणी घरात आलं तेव्हा सेट पाण्यात गेला. वाचेल का? आणि पुरात लाइट नसताना असा छोटा सेट किती वेळ चालतो? (एक वाचक, सांगली)

पाण्यात गेला तेव्हा बॅटरी जोडलेली होती का, यावर सगळं ठरतं. नसेल तर बहुधा वाचेल. जोडलेली असेल तर १२ व्होल्टच्या पट्ट्या हिरव्या पडून झिजलेल्या असतात, काही ठिकाणी तर तांबंच उरत नाही.

चालू करून बघू नका. आधी स्वच्छ पाण्याने गाळ धुवा. कृष्णेचा गाळ बारीक आणि चिकट असतो, तो वाळला की दगड होतो. म्हणून जितक्या लवकर तितकं बरं. मऊ टूथब्रशने कॉइलच्या वेढ्यांमधला आणि रिलेखालचा गाळ काढा. डिस्प्ले आणि रॅडुइनो सोडवून वेगळे धुवा, डिस्प्लेच्या पाठच्या प्रकाशाच्या पट्टीत पाणी साठतं. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन काढा, ते उरलेलं पाणी घेऊन जातं. नंतर सावलीत वारं लागेल असं तीन दिवस ठेवा. कडक उन्हात किंवा ओव्हनमध्ये नको, कॉइलची मेणाची किंवा गोंदाची पकड सुटते.

क्रिस्टल बंद डबीत असतात, त्यांना काही होत नाही. फेराइट आणि भुकटीच्या कड्या वाळल्या की पूर्ववत. प्रीसेट, व्हॉल्यूमचा पॉट, स्पीकर आणि उघडे रिले बदलाच, ते आज चालले तरी महिन्याभरात खरखर सुरू होते. प्रीसेट बदलला की बायस नव्याने बसवायचा, इस्लामपूरच्या उत्तरात दिलाय तसा.

पहिल्यांदा चालू करताना पॉझिटिव्ह तारेत मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, १० वॅटचा बल्ब घाला. ऐकण्यावर सेट चालत असेल तर बल्ब लालसरही होणार नाही. लख्ख पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे आणि बल्बने बोर्ड वाचवला. शेवटच्या टप्प्याची तार तोवर काढलेलीच ठेवा.

आता वेळेचा हिशोब. बिटेक्स-४० ऐकताना साधारण ०.१५ अँपिअर आणि बोलताना दीड अँपिअर धरा. दहा टक्के वेळ बोललात तर सरासरी ०.२८-०.२९. यूपीएसची ७ अँपिअर-तासांची बॅटरी ५ पर्यंतच वापरावी, म्हणजे सतरा तास. फक्त दर तासाला दहा मिनिटं चालू केलात तर चार दिवसांहून जास्त. बॅटरी आणि सेट यांच्यात ३ अँपिअरचा फ्यूज हवा आणि उलट जोडणीसाठी फ्यूजच्या पुढे उलटा डायोड. अंधारात, घाईत लाल-काळी उलटी लागतेच.

प्रश्न : वाई डोंगरांनी वेढलेली. इथून ७ वॅटमध्ये पुणे-सांगली दिवसा मिळतं, रात्री गायब होतं आणि भलतीच लांबची गावं येतात. सेट बिघडलाय का? (एक वाचक, वाई)

सेट ठीक आहे. डोंगर व्हीएचएफला (३० मेगाहर्ट्झच्या वरच्या सिग्नलला) आडवा येतो, सात मेगाहर्ट्झला नाही. हा सिग्नल सरळ वर जातो, आयनावरणावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परततो आणि छत्रीसारखा तीन-चारशे किलोमीटरच्या टापूत पडतो. सूर्य मावळला की आयनावरण विरळ होतं, उभा गेलेला सिग्नल परत न येता निघून जातो. तिरका गेलेला परततो, पण तो लांब पडतो. जवळच्यांशी बोलायचं तर सकाळी आणि दुपारनंतर बसा. डायपोल (मधोमध जोडलेल्या दोन सारख्या तारांचा अँटेना) ७ ते ८ मीटर उंचीवर, एकूण लांबी २०.१ मीटर, दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटरहून पाच सेंटीमीटर जास्त. आधी थोडी लांबच कापा आणि जुळवताना कमी करत या. संध्याकाळनंतर ७.२ च्या वर प्रसारण केंद्रं जोरात असतात. त्यांचा आवाज बिटेक्स-४० च्या खालच्या भागातही घुसला तर अँटेनाच्या तारेत १० डीबीचा अटेन्युएटर (सिग्नल दाबणारा जोड) घाला. ऐकू येणारे सगळेच दबतील, पण घुसखोर जास्त दबतो.

प्रश्न : परवाना नाही, सेट आधी घेऊन ठेवला तर? (एक वाचक, विटा)

नका घेऊ. परवाना हातात आल्याशिवाय ट्रान्समीटर घरात ठेवणंही कायद्यात बसत नाही. परीक्षा दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) विभागाची, वयाची अट बारा वर्षं पूर्ण. रिस्ट्रिक्टेड श्रेणीला मोर्स लागत नाही, जनरलला लागतं. निकाल येईपर्यंत वीस रेझिस्टरचा डमी लोड आणि दोन-चार कॉइल करून ठेवा, त्याला कुणाची परवानगी लागत नाही.